सातव्या भागाचा कौल

१४ ऑगस्ट, सोमवार

आज आमच्या तुकडीच्या साहेबाने, मेल्विनने, सगळ्यांना छोट्या खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले. म्हणाला, 'सॉल्टरोड' खेळाचा सातवा भाग तिकडे, मूळ कंपनीत, थांबवला. कंपनी स्वतः जाहीर करील, कधी ते माहीत नाही. तोवर घरी नाही, बसमध्ये नाही, मोबाइलवर तर नाहीच. नोकरीला लागताना केलेली सही आठवा. मागे दुसऱ्या कुठल्यातरी ऑफिसातून असाच एक शब्द बाहेर गेला, तर त्यांचे सगळे काम काढून घेतले. आमची तोंडे बंद राहिली तर दुसऱ्या खेळाचे काम इथेच येईल, म्हणाला.

मग सगळे आपापल्या जागी जाऊन बसले आणि त्याच बंद झालेल्या खेळातल्या चुका शोधू लागले, कारण आठवडाभराचे काम ठरलेले आहे. मी दिवसभर एकाच कुंपणावर खेचर आपटून पाहिले, आरपार जाते काय.

पर्वरीहून डिचोलीची बस. घरी पोचते तर सोप्यावर दिपू पायलट, मोटरसायकलवरून माणसे पोचवणारा. भाडे नसले की मोटरसायकल आमच्या दारात लावतो आणि खेळायला बसतो. आज खेळत नव्हता, बातमी घेऊन आला होता. सातवा भाग दिवाळीला येतो, पक्की खबर. बाहेरच्या कुठल्या तरी दुकानाने त्या नावाचे पान उघडून ठेवले आहे, अजून कोरे आहे म्हणे. बाबा खुर्चीतून पुढे वाकून ऐकत होते.

आत्ये भाजी चिरता चिरता म्हणाली, "कोणें सांगलें?"

"नेटार आयलां, आत्ये."

"नेटान पळयलां?"

नेटाने स्वतः पाहिले काय, म्हणे. बाबा हसले. दिपू म्हणाला, खाणीही सुरू होणार आहेत, गणपतीची चवथ झाली की. आत्ये म्हणाली, "खंयची चवथ?" कुठल्या वर्षीची, ते विचारत होती.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. लहानपणी आत्येने लावलेली सवय अजून सुटत नाही: बातमी लिहिली की शेवटी ऐकलेली असेल तर ऐ., स्वतः पाहिलेली असेल तर पा. दिवाळीला सातवा भाग: ऐ. खाणी सुरू: ऐ. (नेहमीप्रमाणे.) सातवा भाग थांबला: पा.

हे इथे लिहिणे म्हणजे सांगणे झाले काय? नाही बहुतेक. ही वही कोणी वाचत नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी. बाबांची खोली सकाळपासून भरलेली. पूर्वी त्या खोलीत ट्रकचे टायर असायचे. खाण बंद झाली तेव्हा बाबांनी वर्षभर वाट पाहिली, मग टायर काढले, टीव्ही लावले, खेळाची यंत्रे आणली. लोक हसले. टिपर चालवणारा माणूस पोरांना खेळ लावून देतो. आता हसत नाहीत, आपली पोरे पाठवतात.

ट्रक मात्र अंगणात आहे. निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीवर आत्येचा दोडक्याचा वेल. तिने मांडव घातला नाही, ट्रकच मांडव. आरशाला दोडकी लोंबतात. दर सोमवारी बाबा वेल हलक्या हाताने बाजूला करून आत चढतात आणि इंजिन चालू करतात, बॅटरी मरू नये म्हणून. वाड्यावर त्या आवाजाने सोमवार कळतो.

दुपारी परब आला. बांद्याचा. पूर्वी बाबांकडे क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आता स्वतःचा धंदा आहे, मोप्याच्या बाजूला चिरे आणि खडी मारतो. त्याला ट्रक हवा आहे, हंगामाच्या आधी. ताडपत्री उचलून सगळे नीट पाहिले आणि म्हणाला, "दादा, वेल तरी काढा. नायतर दोडक्यांसकट व्हरतलंय."

बाबांनी नाही म्हटले नाही. आजवर दर वेळी म्हणायचे.

तो गेल्यावर आम्हाला सगळे सांगितले. शेजारचे शिंप्याचे दुकान रिकामे होते आहे. मधली भिंत पाडायची, नवी यंत्रे घालायची. सातवा भाग दिवाळीला आला की सहाव्याच्या वेळी झाली त्याच्या दुप्पट गर्दी. पण त्यासाठी ट्रक द्यावा लागेल. दोन्ही होणार नाही.

आई म्हणाली, अंगण मोकळे होईल. तिच्या चोपड्याच्या माहेरी घरापुढे केवढे अंगण आहे, इथे लग्न काढायचे झाले तर मांडव ट्रकच्या टपावर घालायचा काय. असे म्हणून माझ्याकडे पाहिले.

बाबा ट्रक विकतील, आणि ज्याच्यासाठी विकतील ते येणारच नाही. आणि ते मला...

२० ऑगस्ट, रविवार

रविवार म्हणजे बाबा आणि मी, निदान पूर्वी.

मला दम्याचा त्रास होता. तिसरीपर्यंत शाळेत पाठवलेच नाही. आत्ये हळर्ण्याला दिली होती, नवरा गेल्यावर परत आली होती, ती शिकवायची. जनेलाच्या (खिडकीच्या) फळीवर खाणीची तांबडी धूळ बसायची, सकाळी पुसली तरी दुपारी परत. आत्ये म्हणे, पुसण्याआधी अक्षर काढ. माझा 'अ' त्या धुळीतला. बोलणे कोकणीत, लिहिणे मराठीत, आणि खोटे कशातच नाही, हे तिन्हींचे मिळून एकच पुस्तक.

बाबा ट्रिप संपवून यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत तांबडे. आंघोळ केल्याशिवाय आई त्यांना कॉम्प्युटरला हात लावू देत नसे. मग आम्ही दोघे पहिला सॉल्टरोड. समुद्रावरून मिठाचा तांडा घेऊन घाट चढायचा, पलीकडच्या कोरड्या मुलखात पोचवायचा. वाटेत पूल पडतात, खेचरे आजारी होतात. बाबा म्हणायचे, हा खेळ करणारा माणूस कधीतरी लोड घेऊन घाट चढला आहे, नाहीतर उतारावर मागच्या खेचराला पुढे आणायचे त्याला सुचले नसते. तेव्हापासून सहा भाग झाले.

मी ऑफिसात कुठला खेळ तपासते ते घरी सांगायची मुभा नाही. फक्त 'गेम तपासते'. मार्चमध्ये सातव्याचे काम आले, तेव्हापासून मी रविवारी बाबांच्या शेजारी बसणे सोडले. सहावा खेळताना तोंडातून सातव्यातले काही निघाले तर? बाबांना सांगितले, आठवडाभर स्क्रीन बघून डोळे दुखतात.

डोळे दुखतात हे खरे आहे. पण कारण ते नव्हे. म्हणजे हे खोटेच झाले.

सातव्यात एक घाट आहे. धुके असते, खाली नदीचा आवाज येतो, नदी दिसत नाही. तपासताना मी कित्येकदा चढले. बाबांना आवडला असता.

२४ ऑगस्ट, गुरु.

दिपूच्या बातम्या. खेळाला संगीत देणाऱ्या माणसाने डोंगराचा फोटो टाकला. डोंगर म्हणजे नवा घाट. शिवाय फोटोत सात ढग आहेत. (पोरांनी मोजले. एकाने आठ मोजले, त्याला गप्प बसवले.) ऐ.

आत्ये म्हणाली, तो मनीस सुट्टेर गेला आसतलो.

२ सप्टेंबर, शनि.

सगळे मलाच विचारतात. दिपू तर समोरच म्हणाला, तू त्याच धंद्यात, तुला ठाऊक नसणार कसे. मी म्हटले, मला विचारू नकोस. तो म्हणाला, म्हणजे येतो! मी म्हटले, म्हणजे काहीच नाही. तो डोळा मारून गेला. आता स्टँडवर सांगत सुटेल, शेटच्या (म्हणजे बाबांच्या) मुलीने नाकारले नाही. मी न बोलून नवी अफवा तयार केली.

एकटे बाबा विचारत नाहीत. पोरांपैकी कोणी माझ्याकडे वळले की बाबा त्यालाच काहीतरी काम सांगतात. "ती वायर बघ रे." विचारले असते तर बरे झाले असते काय? विचारत नाहीत म्हणून जास्त जड जाते.

१० सप्टेंबर, रवि.

आज प्रयत्न केला. म्हटले, बाबा, ट्रक ठेवूया ना. का, म्हणाले. मी म्हटले, वेल चांगला धरला आहे.

आई हसत सुटली. एवढी शिकली, पर्वरीला ऑफिसात जाते आणि दोडक्यासाठी ट्रक ठेवा म्हणते. आत्ये मात्र हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

वेलाचे बोलले ते खरेच आहे म्हणून बोलले. पण मनात वेल नव्हता. एवढेही बोलायला नको होते कदाचित. सही केलेल्या कागदावर 'सूचित करणे' असाही एक शब्द होता, आज पुन्हा काढून वाचला.

बाबा म्हणाले, आपल्याला ठरवता येत नाही तर देवीला विचारू. पाच दिवसांचा गणपती पोचवला की दुसऱ्या दिवशी कौल लावू, सगळे या. परबाला तसे सांगतो. मग म्हाळ, म्हणजे पितृपक्ष, लागतील, तो गाडी म्हाळांत नेणार नाही, नेईल ती दसऱ्याला.

आत्येने मग, कोणी विचारले नसताना, आजोबांची गोष्ट सांगितली. एकदा देवळात कौल लागत होता, कोणाचीतरी हरवलेली म्हैस मिळेल काय म्हणून. ज्याने ती म्हैस सकाळी पाहिली होती तोही हात जोडून उभा. आजोबांनी त्याला हाताला धरून बाहेर काढले. ज्याला ठाऊक आहे त्याने कौलाला उभे राहू नये. ठाऊक असून विचारायचे म्हणजे देवीची परीक्षा घ्यायची. गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे, बाबांना तर तिच्याहून जास्त. आज का सांगितली?

१९ सप्टें. चवथ

गणपतीवर टांगायच्या माटोळीला बाजारातून आणलेली फळे, कवंडळे, सुपारीचे घोस, आणि मधोमध ट्रकवरची दोन दोडकी. आत्येचा हट्ट. आरती झाल्यावर दिपूने सगळ्यांदेखत मोठ्याने मागितले, बाप्पा, सातवो धाड. बाबा म्हणाले, खाणींचेही सांग. दिपू म्हणाला, एका वेळी एकच, नाहीतर घोळ होतो.

मी काय मागितले ते लिहीत नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

सगळे जसे झाले तसे लिहून ठेवते.

सकाळी देवळात. बाबा, आई, आत्ये, मी. गुरवाने देवीला आंघोळ घातली, पिटकुळीच्या फुलाच्या ओल्या पाकळ्या मूर्तीला लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी पडली तर होय. कधी कधी कुठलीच पडत नाही, अर्धी सुटून तशीच लोंबत राहते. तेव्हा गुरव म्हणतो, थांबा, आईचे अजून ठरले नाही, आणि लोक तासभरही थांबतात.

गुरव बाबांकडे वळला, काय विचारायचे. बाबा म्हणाले, ट्रक देऊन खोली वाढवतो आहे, बरे होईल काय, एवढेच विचार. गुरवाने गाऱ्हाणे सुरू केले. हे आई, हे तुझे लेकरू...

मी हात जोडून उभी होते. रात्रीच ठरवले होते की उभे राहायचे, काही होत नाही, मनातल्या मनात क्षमा मागायची. पण गाऱ्हाणे 'बरे होणार असेल तर' इथवर आले आणि माझ्याने राहवेना. मला ठाऊक आहे. मला ठाऊक असताना मी इथे उभी राहून देवीला विचारते आहे.

मी बाहेर आले. घाई केली नाही, पण आले. दीपमाळेजवळ बसले. चपलांवर कुत्रे झोपले होते म्हणून चपला घालता आल्या नाहीत, नाहीतर बहुतेक घरीच निघून गेले असते.

आत घंटा वाजली. आई आनंदात बाहेर आली. उजवी दिली, आणि काय पटकन दिली. मागून आत्ये. शेवटी बाबा. हातात ती पाकळी. मला पाहून थांबले. मी काहीतरी सांगायला हवे होते. चक्कर आली, गरम होत होते, काहीही. सुचले सगळे. तोंडातून निघाले नाही.

घरापर्यंत आई एकटीच, शिंप्याला आजच सांगायला हवे असे म्हणत होती.

सोप्यावर बाबांनी मला थांबवले. आई आत गेल्यावर म्हणाले, "हांव कांय विचारना. आनी तूंय सांगूं नाका."

मी मान हलवली.

मग पाकळीकडे बघत म्हणाले, "देवीन उजवो दिलो. तूं भायर गेली. आतां दोन कौल जाले."

२५ सप्टें., सोम.

इंजिन सुरू झाले. नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवले. ऑफिसला निघताना पाहिले, पाकळी काचेमागे ठेवली आहे, जिथे पूर्वी ट्रिपचे पास असायचे.

मी कागदावरची सही मोडली. शब्द बोलले नाही, पण मोडली. आणि मोडूनही बाबांना पुरते काही कळले नाही. एका पापाचे दोन, आणि उपयोग एकाचाही नाही.

२७ सप्टें., बुध.

बाबांनी शिंप्याला 'दसऱ्यानंतर बघू' म्हटले. परबालाही तेच. परब म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढे नाही, पेडण्यात एकाची गाडी विकायची आहे, ती घेईन. आई बाबांवर चिडली आहे. देवीने एवढे स्पष्ट दिले असताना माणूस कशाची वाट बघतो. बाबा म्हणाले, मोठ्या कामाला घाई नको.

माझे नाव घेतले नाही. आईला ठाऊक नाही मी का उठले. तिला वाटते मला अडचण होती, म्हणून बाहेर गेले. संध्याकाळी मला हळूच रागावली, आधी सांगायचे नाही काय.

५ ऑक्टोबर, गुरु.

आज मेल्विनला सांगितले. दहा दिवस भीत होते. छोट्या खोलीत गेले, दार मीच लावले. म्हटले, माझ्यामुळे घरी कळले असावे. तो एकदम सरळ बसला. कोणाला, काय सांगितलेस? मी सगळे सांगितले. कौल म्हणजे काय तेही सांगू लागले, तर म्हणाला, ठाऊक आहे, त्याची आजी अजून बोडगेश्वराला... मग थांबला.

"तुवें एक तरी उतर काडलें?"

"ना." शब्द खरेच एकही काढला नव्हता.

"मागीर हांवें कितें बरोवचें? चली देवळांतल्यान भायर सरली म्हूण?"

मुलगी देवळातून बाहेर पडली, एवढेच वर लिहून कळवू काय, म्हणत हसला, मग मी रडते आहे हे पाहून हसायचा थांबला. पाणी आणून दिले. म्हणाला, त्याच्या घरी मी असते तर त्याच्या आईने मला पाद्रीकडे पाठवले असते, आणि पाद्रीने परत घरी.

मग खिडकीकडे बघत म्हणाला, शिवाय खरे सांगू, आता ते थांबले की नाही हेही नक्की नाही. तिकडच्या एका माणसाने कॉलवर म्हटले की दुसरी कंपनी सगळी मालिका विकत घेते आहे, सातव्यासकट. मी विचारले, नक्की? म्हणाला, मलाही कोणीतरी सांगितले, कागद मी पाहिला नाही. मी विचारले, आणि पहिले? थांबवला ते? त्याचा कागद?

मेल्विन म्हणाला, "तोय हांवें पळोवंक ना. माका फोनार सांगिल्लें."

तोही त्याने पाहिलेला नाही. फोनवर सांगितलेला.

६ ऑक्टो., शुक्र.

वही मागे चाळून १४ ऑगस्टचे पान काढले. 'सातवा भाग थांबला: पा.' असे माझ्याच हाताने लिहिलेले. मी काय पाहिले होते? एक दार लागलेले पाहिले, एक माणूस बोलताना पाहिला. त्यालाही कोणीतरी फोनवर सांगितले होते. दिपूच्या नेटासारखेच. फक्त ऑफिसात, दार लावून, हळू आवाजात सांगितले म्हणून मला ते पाहिल्यासारखे वाटले.

पा. खोडले. ऐ. लिहिले.

म्हणजे मला ठाऊक नव्हते. म्हणजे मी उभी राहू शकत होते. ठाऊक आहे असे समजून देवीसमोरून उठले, आणि बाबा त्या उठण्यावर ट्रक अडवून बसले आहेत.

आता बाबांना कसे सांगू की मला ठाऊक नाही? ठाऊक नाही हे सांगायचे तर काय ठाऊक नाही तेही सांगावे लागते.

पा. एवढेच: घाट आहे. धुके आहे. नदीचा आवाज आहे.

१३ ऑक्टो., शुक्र.

दिपू पडक्या चेहऱ्याने आला. नवी खबर: सातवा भाग येतच नाही, मालिकाच बंद. ते कोरे पान दुकानाने काढून टाकले. पोरे भांडली, अर्धी म्हणतात की पान काढले म्हणजे उलट लवकरच येणार, नवे पान घालतील. ऐ., ऐ.

मी कानात बोटे घालायची तेवढी बाकी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही, दिपूला म्हणाले, तुझ्या भाड्याचे माणूस स्टँडवर उभे असेल, जा. सगळ्यांसमोर मला वाचवतात. मी त्यांना कशापासून वाचवते आहे, तेच आता कळत नाही.

रात्री जेवताना आत्ये एकदम म्हणाली, आजोबांनी ज्याला बाहेर काढले तो माणूस. त्याने पाहिली ती म्हैस दुसऱ्याचीच होती. हे तिने यापूर्वी कधी सांगितले नव्हते. बाबा म्हणाले, खरे की आताच केले? आत्ये म्हणाली, "आयकिल्लें."

१८ ऑक्टो., बुध.

दसरा मंगळवारी. परबाचा फोन: पूजा तो आपल्या दारात करू म्हणतो, म्हणजे गाडी सोमवारीच न्यायची. रविवारी नक्की सांगा.

मेल्विनकडे काही नवे नाही. आज विचारायलाही गेले नाही. कळून काय करणार.

२२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी बाबांनी ट्रक धुतला. वेल तोडला नाही, सोडवला. एकेक तणावा उलगडून कुंपणावर घातला, आत्ये खाली उभी राहून सूचना देत होती. ताडपत्रीखाली ट्रक अजून तांबडा होता. पाणी अंगणभर तांबडे झाले, बऱ्याच वर्षांनी. आई म्हणाली, बघा, खाण सुरू झाली.

न्यायला धुतला की ठेवायला, कोणी विचारले नाही.

संध्याकाळी सोप्यावर सगळे. दसऱ्याच्या तोरणाला आत्ये रोजां, झेंडूची फुले, ओवत होती. बाबांनी मोबाइल हातात घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हांव परबाक फोन करतां. व्हर म्हणून सांगतां. तुका हांगा बसपाचें जाल्यार बस. भायर वचपाचें जाल्यार वच."

आई म्हणाली, हे काय मध्येच. आत्येची सुई थांबली. मग आईला कळले बहुतेक, देवळातले, आणि सगळेच. हळूच म्हणाली, "अहो, ती चली आसा. देवी न्हय."

"म्हाका खबर आसा," बाबा म्हणाले, आणि परबाला 'गाडी ने' सांगायला नंबर लावला.

बसले तर बाबा समजणार, सातवा येतो. गेले तर समजणार, येत नाही. मला दोन्ही ठाऊक नाही. बसणे खोटे, जाणे खोटे. मोबाइलात रिंग जाताना मला ऐकू येत होती.

मी उठले. दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यातच उभी राहिले. एक हात चौकटीवर. पुढे पाय जाईना, मागे फिरावे तर तेही नाही. वळून बाबांकडे पाहिले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ. त्यांनीही पाहिले. कानाला मोबाइल, त्यातून परबाचा आवाज, "हां दादा, बोला."

परब हॅलो हॅलो करत होता.

"राव रे, परबा, थांब," बाबा म्हणाले. "पाकळी मधींच अडकल्या."

"कसली पाकळी?"

बाबांनी मोबाइल कानालाच ठेवला. आत्येने सुईत नवे फूल घेतले. आई आतल्या दारातून मला म्हणाली, डास येतात, आत ये नाहीतर बाहेर जा, काहीतरी एक कर.